उंचीवरचे मूल

भीती आणि धोका हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. वस्तुतः त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि पुष्कळदा त्यांची गाठही पडत नाही. परळ स्थानकावर पुलाचा वळसा नको म्हणून रूळ ओलांडणाऱ्या माणसाला धोका असतो, भीती नसते. चाळीच्या काळोख्या जिन्यावरून दूध आणावयास उतरणाऱ्या मुलाला भीती असते, धोका बहुधा नसतो. गेल्या काही वर्षांत मुंबईबाहेर, खंडाळ्याचा घाट चढून गेल्यावर किंवा कर्जतच्या बाजूस, मुलांसाठी जी साहसी उद्याने निघाली आहेत त्यांचा सारा व्यवहार ह्या फरकावर उभा आहे. तेथे धोका जवळजवळ काढून घेऊन भीती तेवढी शिल्लक ठेवलेली असते आणि ती तिकीट लावून दिली जाते. हे मी कुत्सितपणे लिहीत नाही. ज्या शहरात दहा-पंधरा वर्षांच्या मुलाला चढावयास झाड नाही आणि उडी मारावयास कुंपण नाही, तेथे विकतची भीतीही काही उपयोगाची असू शकेल. ती कोणत्या उपयोगाची, आणि मुलाला उंचीवर पाठविण्याचा किंवा तेथून परत बोलाविण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

ज्यांनी असे उद्यान पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. उंच खांब किंवा जुनी झाडे असतात. त्यांना वीस-तीस फुटांवर लाकडी मचाणे बांधलेली असतात. एका मचाणावरून दुसऱ्यावर जावयाचे ते हलत्या फळ्यांवरून, टांगलेल्या टायरांतून, दोरखंडाच्या जाळीला लटकत, किंवा पायाखाली एक आणि हातांशी दोन अशा तीन दोरांच्या पुलावरून. त्याला सगळे बर्मा ब्रिज म्हणतात. शेवटी तारेवरून घसरत खाली आणणारी झिपलाइन. मुलाच्या कमरेला व मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस बांधतात, डोक्यावर हेल्मेट घालतात. हार्नेसला दोन आखूड दोर असतात आणि त्यांच्या टोकांना पोलादी कड्या. डोक्यावरून जाणाऱ्या तारेत ह्या कड्या अडकवून पुढे सरकायचे. मचाणावर पोहोचल्यावर एक कडी सोडवताना दुसरी अडकलेली असली पाहिजे, हा तेथला पहिला नियम आणि खरे तर एकमेव नियम. तो पाळला तर पाय घसरलेले मूल दोन-तीन फूट खाली येते आणि लोंबकळत राहते. त्याला वर ओढून घेतात. सर्वांना हसू येते.

अडथळ्यांच्या वाटेची ही कल्पना लष्करातली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच आरमारातील जॉर्ज एबेर नावाच्या अधिकाऱ्याने धावणे, चढणे, तोल सांभाळणे, ओझे वाहणे, पोहणे अशा स्वाभाविक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती बसविली. १९०२ साली मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक होऊन एक संपूर्ण शहर नष्ट झाले, त्या वेळी लोकांना वाचविण्याच्या कामात त्याचा हात होता. माणसाने बलवान व्हायचे ते दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी, असा त्याच्या शिकवणीचा रोख होता. आजच्या उद्यानाच्या फाटकावर हा रोख कोठे दिसत नाही, पण तो ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

दोर आहे आणि तो तुटणार नाही हे ज्याला माहीत आहे, त्याने तीस फुटांवरून चालून दाखविले तर त्याला धीट म्हणावे काय? ॲरिस्टॉटलने हा प्रश्न जवळजवळ ह्याच स्वरूपात हाताळला आहे. धैर्यासारख्या दिसणाऱ्या, पण पूर्णपणे धैर्य नसलेल्या पाच वृत्ती त्याने वेगळ्या काढल्या आहेत. पगारी शिपाई अनुभवामुळे निर्भय दिसतो, कारण कोणता गलका पोकळ आहे हे तो जाणतो. दुसरा कोणी रागाच्या भरात पुढे जातो, कोणी आजवर जिंकत आल्यामुळे बेफिकीर असतो, तर कोणी केवळ संकटाची जाणीव नसल्यामुळे. आणि एक वर्ग लोकलज्जेमुळे ठाम उभा राहतो. चार लोकांत नाव जाईल ह्या भयाने तो मागे फिरत नाही. ह्या शेवटच्या प्रकाराला ॲरिस्टॉटल खऱ्या धैर्याच्या सर्वांत जवळचा मानतो, हे विशेष. पण जवळचा म्हणजे तोच नव्हे. साहसी उद्यानात एक दिवस बसून पाहावे, ही पाचही माणसे बारा ते सतरा वयाच्या रूपात समोरून जातात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील तीस-एक मुलामुलींची सहल अशा एका उद्यानात गेली होती. बहुतेक मुले दादर, परळ, लालबाग आणि गिरगावची. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा सर्वांच्या आधी वर चढला, टाळ्या घेत सारी वाट पार करून आला आणि म्हणाला, "काहीच नाही हो काका, दोर असतो ना!" तो खोटे बोलत नव्हता. दुसरा एक, ह्याच्याहून मोठा, पांढऱ्याफटक चेहऱ्याने शेवटपर्यंत गेला, कारण खाली त्याच्या दोन मावसबहिणी फोन रोखून उभ्या होत्या; उतरल्यावर झाडामागे जाऊन तो ओकला आणि दिवसभर कोणाशी बोलला नाही. त्याने वाट पूर्ण केली होती. सहलीच्या वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण आहे.

तिसरी एक मुलगी, नववीतली. पहिले मचाण तिने सहज गाठले. दुसऱ्यापुढे हलत्या फळ्या होत्या. तिने दोन फळ्या टाकल्या, तिसरीवर पाय ठेवला, फळी पुढे गेली तशी ती मागे आली आणि मचाणाच्या खांबाला धरून उभी राहिली. खालून तिचे वडील ओरडू लागले, "जा गं पोरी, काही होत नाही! दोर आहे!" ते भले गृहस्थ आहेत. मुलीने हरू नये एवढीच त्यांची इच्छा होती. मचाणावर उद्यानाचा एक मदतनीस होता, आसपासच्याच गावचा, विशी-बाविशीचा तरुण. तो तिला म्हणाला, "ताई, घाई नाही. मागच्यांना मी थांबवतो." आणि त्याने खरोखरच मागची रांग थांबविली. ती मुलगी दहा मिनिटे उभी राहिली. पुन्हा दोन फळ्या टाकल्या, पुन्हा परतली. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "पप्पा, मला उतरायचंय." आणि शिडीने खाली आली.

परतीच्या प्रवासात मोठ्या माणसांमध्ये ह्यावरून वाद झाला. वडिलांचे म्हणणे असे की, तिला थोडे ढकलावयास हवे होते. आज ती परत फिरली, उद्या परीक्षेत फिरेल, परवा संसारात. एका मातेचे म्हणणे उलट होते. मुलाला नको असेल तर नको, त्यात चर्चा कसली? मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. हल्ली माघार घेण्यालाच धैर्य म्हणण्याची एक सोयीस्कर पद्धत पडली आहे. ती मला मान्य नाही. माघार ही माघार असते. पण संत थॉमस अक्वायनस ह्यांनी धैर्याचा विचार करताना एक गोष्ट बारकाईने मांडली आहे. चाल करून जाण्यापेक्षा भीतीसमोर टिकून राहणे हे धैर्याचे मुख्य कार्य होय, असे त्यांचे मत आहे. कारण चाल करणारा स्वतःला बलवान समजत असतो, तर टिकून राहणाऱ्याला समोरचे बळ आपल्याहून मोठे वाटत असते. ह्या मापाने पाहिले तर त्या दिवशी त्या उद्यानात सर्वांत अधिक काळ भीतीच्या समोर उभी राहिली ती हीच मुलगी. आणि सर्वांच्या देखत नाही म्हणणे त्या वयात तीस फुटांवरून चालण्याइतकेच कठीण असते, हे झाडामागे ओकणाऱ्या मुलाने सिद्ध केले होते.

त्या मदतनीसाविषयीही लिहिले पाहिजे. सकाळी मुले येण्यापूर्वी तारा, कड्या, खिळे तपासावयास तो प्रथम वर चढतो. मुलांच्या वाट्याला भीती ठेवून धोका काढून घेतला जातो, तो काढण्याचे काम त्याचे. भीतीचे तिकीट आम्ही काढतो, उरलेला धोका पोटासाठी तो वाहतो. एबेरच्या शिकवणीतला बलवान माणूस त्या उद्यानात मला एकच दिसला, आणि त्याचे नाव कोणत्याही फलकावर नव्हते.

उद्यानात शिरताना एक छापील अर्ज भरून घेतात. अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली पालकाची सही. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीला 'अज्ञान' असे म्हणतात. सोळा वर्षांचा मुलगा घरातल्या साऱ्यांचे फोन दुरुस्त करून देतो, तरी तो अज्ञान; आणि आपण सज्ञान. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे मोहोरी बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली ठरविले, आणि आजही आपल्याकडे तोच कायदा आहे. म्हणून सही पालकाने करावयाची. पण नीतीच्या दृष्टीने ही सही कशाची? माझे घर मी गहाण टाकू शकतो, माझा हात मी संकटात घालू शकतो. माझ्या मुलीचा हात माझा नाही. तो तिचा आहे आणि ती मोठी होईपर्यंत माझ्याकडे ठेवीसारखा आहे. ठेवीदाराला न विचारता ठेव जुगारात लावणारा विश्वस्त दोषी ठरतो. त्याचप्रमाणे ती ठेव कधीच बाहेर न काढता कपाटात कुजू देणाराही दोषी ठरला पाहिजे, नाही का? महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले, नोंदणी आणि सुरक्षेचे नियम ठरविले, हे आवश्यक होते. परंतु दोर किती जाड असावा हे नियम सांगू शकतील. मुलाला वर पाठवावे की नाही, हे सांगण्याची ती जागाच नव्हे.

उद्यानाचे तिकीट न काढताही आपल्या भागातल्या मुलाला उंची भेटते, ती दहीहंडीत. गुरुपौर्णिमेपासून लालबाग-परळच्या गल्ल्यांतून सराव सुरू होतात. रात्री दिवे लावून थर लागतात, उतरतात, पुन्हा लागतात. गोपाळकाल्याच्या दिवशी दादरच्या आयडियलच्या गल्लीत गर्दीला वाट उरत नाही. २०१२ साली जोगेश्वरीच्या एका पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम केला. एवढ्या उंच मनोऱ्याच्या टोकावर कोण असतो? ज्याचे वजन सर्वांत कमी तो. म्हणजे मूल.

ह्यावर न्यायालयांत जे झाले ते वाचकांना आठवत असेल. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील गोविंदांना मनाई केली आणि थरांची उंची २० फुटांवर आणली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय तात्पुरता सैल केला, मात्र बारा वर्षांखालील मुलांना थरांत घेऊ नये असे सांगितले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा अठरा वर्षे आणि २० फूट हीच मर्यादा धरली. २०१७ साली उच्च न्यायालयाने उंचीची अट काढली. चौदा वर्षांखालील मुले नसतील अशी हमी शासनाने दिली होती. २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला आणि गोविंदाचा मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपये देण्याची घोषणा झाली. अठरा, बारा, पुन्हा अठरा, मग चौदा. वयाचा आकडा तीन वर्षांत इतक्या वेळा बदलला, त्यावरून वय हा ह्या प्रश्नाचा गाभा नसावा अशी शंका येते. आणि नियम असतानाही ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसर येथे, सणाच्या काही दिवस आधी, सरावात वरून पडून ११ वर्षांचा एक मुलगा मरण पावला. ह्या वाक्यानंतर तत्त्वचर्चा करणे अवघड जाते. पण चर्चा टाळली तर पुढच्या वर्षी पुन्हा एक आकडा बदलण्यापलीकडे काही होत नाही.

दहीहंडीवर सरसकट टीका करणे मला जमत नाही. चाळीतला मुलगा महिनाभराहून अधिक काळ रोज रात्री ज्यांच्या खांद्यांवर उभा राहतो, ती माणसे त्याला ओळखतात. त्याचा बाप काय करतो, त्याची शाळा कोणती, त्याला खोकला आहे का, हे तळच्या थरातल्या माणसाला ठाऊक असते. असा विश्वास तिकीट काढून मिळत नाही. स्पेनमधल्या काटालोनियातही असेच मनोरे लावतात. २०१० साली युनेस्कोने त्यांना मानवजातीच्या वारशात स्थान दिले. तेथेही टोकावर मूल असते. तळाशी शेकडो माणसे एकमेकांना घट्ट बिलगून उभी राहतात, म्हणजे वरून पडणारा त्यांच्या अंगावर पडावा. तेथे २००६ साली बारा वर्षांची एक मुलगी पडून मरण पावली, आणि त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आले. शतकानुशतकांची परंपरा हेल्मेटने बाटली नाही. आपल्याकडेही वरच्या गोविंदाला दोर आणि हेल्मेट देणारी पथके आहेत, आणि त्यांचा थर काही कमी पवित्र होत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. दोर बांधला, हेल्मेट घातले, गादी अंथरली, तरी ते मूल तेथे कशासाठी आहे? ते हलके आहे म्हणून तेथे आहे. त्याच्या वाढीसाठी त्या उंचीची गरज होती असे कोणी म्हणत नाही. मनोऱ्याला त्याची गरज होती. खाली लाखांची बक्षिसे, पुढाऱ्यांची छायाचित्रे, ध्वनिक्षेपक. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, ही कांटची शिकवण मुलाला लागू करताना तर अधिकच काटेकोर व्हावयास हवे, कारण प्रौढ माणूस आपला वापर ओळखू शकतो, मूल त्याला कौतुक समजते. आणि हे केवळ दहीहंडीपुरते नाही. मचाणावरच्या मुलीला खालून ओरडून पुढे ढकलणारा बाप, झिपलाइनवरची लेकराची किंकाळी फोनवर टिपून नातेवाइकांना धाडणारी आई, ह्यांच्या ठायी तीच नजर थोड्या प्रमाणात असते. दोर मजबूत आहे म्हणून ती नजर निर्दोष ठरत नाही.

मग निर्दोष उंची असते तरी कशी? मला शिवाजी पार्कची आठवण होते. तेथे श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, १९२५ साली काळे गुरुजींनी स्थापन केलेले. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले असे मानतात. त्या विद्येची शाळा आज ह्या मैदानाच्या कडेला भरते. २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा ह्याच मैदानावर झाली, आणि तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे ह्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. पण स्पर्धेच्या दिवशी जाऊ नये; एखाद्या साध्या संध्याकाळी जावे. एरंडेल लावून गुळगुळीत केलेला खांब, टांगलेला दोर, खाली गादी. आठ वर्षांची मुलगी दोराला पायाच्या बोटांत धरून वर जाते. शिक्षक दोराजवळ उभा असतो. त्याचे लक्ष तिच्या चेहऱ्याकडे नसते, पायाच्या पकडीकडे असते. पकड बरोबर नसेल तर तो तिला दुसरी उडी शिकवतच नाही. कालपर्यंत जिथवर गेली तिथून हातभर वर, एवढेच आज. दिव्यांग मुलेही ही विद्या शिकली आहेत, कारण प्रत्येकाचा हातभर वेगळा मोजण्याची तेथे सवय आहे. बघणारे कोणी नसते. बाकावरच्या पालकांपैकी अर्धे डुलक्या घेत असतात.

ह्यातून मला एक कसोटी सुचते. ती परिपूर्ण आहे असा माझा दावा नाही. बघणारे सारे निघून गेले, बक्षीस नाही, फोन नाही, तर हे मूल ह्या उंचीवर असते काय? आणि आपण ते असू दिले असते काय? समर्थच्या मैदानावर उत्तर होय असे येते. गल्लीतल्या पाचव्या थरावर बहुधा नाही. साहसी उद्यानात, मुलागणिक वेगळे. तो पहिला मुलगा रिकाम्या उद्यानातही चढला असता, कारण त्याला ते आवडत होते. त्याच्या उड्या धैर्य नसोत, आनंद होत्या, आणि आनंदाला धैर्याचे प्रमाणपत्र लागत नाही. दुसरा चढला नसता. ती मुलगी? मला वाटते ती चढली असती, दोन फळ्यांपर्यंत गेली असती आणि उतरली असती. म्हणजे तिघांपैकी दोघांनी आपल्या मनाने वागून दाखविले, आणि वहीतल्या खुणेने नेमके त्या मुलीला नापास केले.

मुलाला जपणे आणि मुलाला अडविणे ह्यांतली सीमा कोणी सर्वांत निष्ठुरपणे आखली असेल तर ती यानुश कोर्चाक ह्यांनी. पोलंडमधले हे ज्यू डॉक्टर वॉर्सा शहरात अनाथाश्रम चालवीत. मुलांवर प्रेम कसे करावे ह्या विषयावरच्या त्यांच्या पुस्तकात मुलांचे तीन हक्क सांगितले आहेत, आणि त्यांतला पहिला हक्क वाचून कोणीही आईबाप दचकतील. तो मरणाचा हक्क आहे. दुसरा आजच्या दिवसाचा, आणि तिसरा आहोत तसे असण्याचा. मुलाचे मरण येऊ नये ह्या धास्तीने मोठी माणसे त्याचे जगणेच रोखून धरतात, असे त्यांना म्हणावयाचे होते. आरामखुर्चीतल्या विचारवंताने हे लिहिले असते तर आपण ते फेकून दिले असते. पण १९४२ च्या जुलै महिन्यात, वॉर्साच्या ज्यू वस्तीत भूक आणि टायफस चालू असताना, ह्या डॉक्टरांनी आश्रमातल्या मुलांकडून एक नाटक बसवून घेतले. ते होते रवींद्रनाथांचे 'डाकघर'. वैद्याने बाहेरची हवा लागू देऊ नका असे सांगितलेला अमल खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, रस्त्यावरच्या पोरांशी बोलतो, ती कथा आपल्याला माहीत आहे. काही आठवड्यांनी त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या छावणीत नेले. डॉक्टरांना स्वतःपुरते वाचण्याची संधी होती. ते मुलांबरोबर गेले.

मरणाचा हक्क ज्याने मुलांना दिला तो स्वतः त्यांचा हात धरून होता, हे सोडून त्या हक्काचा अर्थ लावता येणार नाही. बाकावरून 'पड, शीक' म्हणणारा बाप आणि हा डॉक्टर एकाच मताचे नव्हेत. कोर्चाक ह्यांच्याच मायदेशाने, पोलंडने, १९७८ साली बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा प्रस्ताव मांडला. तो १९८९ साली मान्य झाला आणि १९९२ साली भारताने स्वीकारला. त्यात मुलाचा खेळण्याचा हक्क आहे, आणि स्वतःसंबंधीच्या बाबतीत आपले मत मांडण्याचा व ते ऐकून घेतले जाण्याचाही. आपल्याकडे पहिला हक्क सहलीच्या दिवशी आठवतो. दुसरा मचाणावर आठवावयास हवा होता.

जुन्या काळाचा दाखला देऊन कोणी म्हणेल, आमच्या लहानपणी हे प्रश्न नव्हते, आम्ही गिरण्यांच्या भिंतींवरून उड्या मारून मोठे झालो. हे अर्धेच खरे. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाच्या नादात गच्चीवरून पडलेली मुले होती. त्यांचे हिशेब कोणी ठेवले नाहीत, एवढाच फरक. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, त्या जमिनींवर मॉल आणि मनोरे आले, आणि भिंतींबरोबर उड्याही गेल्या. खोताच्या वाडीत अजून लाकडी जिने आणि कठडे आहेत, पण त्यांवर चढणाऱ्या मुलाला आता प्रथम पर्यटक ओरडतात. मुले घाटापलीकडे उंची शोधावयास जातात ती हौसेने नव्हे, येथे ती उरली नाही म्हणून. अशा वेळी सहल बंद करावी, हे त्या मातेचे म्हणणे मी मान्य करू शकत नाही. सर्वांनी वाट पूर्ण केलीच पाहिजे असा नियम करावा, हे वडिलांचे म्हणणेही नाही.

पुढील सहलीची तयारी सुरू झाली तेव्हा ठरले ते एवढेच. वहीतला बरोबरच्या खुणेचा रकाना काढला. मोठ्यांनी खालून ओरडावयाचे नाही आणि मूल वर असताना फोन खिशात ठेवावयाचा, असे पालकांना सांगितले. परत येण्याची शिडी कोठे आहे हे मुलांना चढण्यापूर्वी दाखवावयाचे, कारण उतरण्याची वाट ठाऊक असलेले मूल दोन फळ्या अधिक टाकते, असा मल्लखांब शिकविणाऱ्या एका स्नेह्याचा अनुभव आहे. आणि आमच्या स्वतःच्या अर्जावर पालकाच्या सहीखाली आणखी एक ओळ वाढविली आहे, मुलाच्या सहीसाठी. कायद्याच्या लेखी अज्ञानाच्या त्या सहीला काही किंमत नाही, हे आमच्यातल्या वकिलांनी सांगितले आहे. नववीतून दहावीत गेलेल्या त्या मुलीने अर्ज नेला आहे. अजून परत दिलेला नाही.